यादी लावण्याआधी ती तपासून घ्या

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : कर्जमाफीच्या संगणकीय यंत्रणेची यादी जाहीर होण्याआधी स्वतंत्र पडताळणी करण्याबाबत

महोदय,



नागपूरच्या शेतकरी आंदोलनानंतर, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आपण जाहीर केलेत. त्यासाठी श्री. प्रवीणसिंह परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमलीत. कर्जमाफी किती द्यावी, कोणाला द्यावी, कोणत्या तारखेपर्यंतचे थकीत कर्ज धरावे, यावर समिती विचार करील. शेतकरी संघटना, बँका आणि अर्थतज्ज्ञ आपापली मते मांडतील. हे पत्र त्याच्या पुढच्या टप्प्याविषयी आहे. निर्णय झाला की शासन निर्णय निघेल, पोर्टल उघडेल, बँकांकडून माहिती मागवली जाईल आणि एका संगणकीय यंत्रणेतून नावांची यादी बाहेर पडेल. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासाठी ती यादी म्हणजेच कर्जमाफी. शासन निर्णयाच्या प्रत्येक अटीत तो बसत असला आणि यादीत नाव नसले, तर बँकेत त्याच्यासमोर यादीच ठेवली जाते. शासन निर्णय कोणी उघडून पाहत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. ही यंत्रणा जे बांधतील आणि जे चालवतील, त्यांच्याशी कसलाही संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून ती यादी लागण्याआधी तपासून घ्या. दोष सापडला तर यादी थांबवण्याचा अधिकार त्यांना द्या. आणि त्यांचा अहवाल लोकांसमोर ठेवा.

२०१७ सालाची आठवण इथे काढावी लागते. त्या वेळीही राज्याचे नेतृत्व आपल्याकडेच होते. १ जूनला पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर २४ जून २०१७ रोजी ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर झाली. ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ. आधीच्या कर्जमाफीत अपात्र खाती घुसल्याच्या तक्रारी होत्या, म्हणून या वेळी काटेकोर पद्धत आखली गेली. शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, कुटुंब हा घटक धरायचा, आधार क्रमांक आणि अंगठा द्यायचा. दुसरीकडे बँकांनी प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांच्या तक्त्यात भरून पाठवायची. शेतकऱ्याचा अर्ज आणि बँकेची माहिती संगणकाने एकमेकींशी जुळवायची आणि जुळलेली नावे ‘ग्रीन लिस्ट’मध्ये टाकायची. हेतू चांगला होता, कागदावर पद्धतही पक्की होती.

घोळ झाला तो जुळवणीत. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, शेतकऱ्यांना कर्जमुक्तीची प्रमाणपत्रे देण्यात आली. पुढच्या काही दिवसांत बँकांनी सांगायला सुरुवात केली की आलेल्या यादीतली माहिती आमच्या खात्यांशी जुळत नाही, एकाच आधार क्रमांकासमोर वेगवेगळी नावे आहेत. प्रसिद्ध झालेली यादी मागे घ्यावी लागली. माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या प्रधान सचिवपदी बदल करावा लागला. प्रमाणपत्र हातात, पण खात्यावर रक्कम नाही, अशा अवस्थेत माणसे दिवाळीनंतर बँकेच्या दारात उभी राहिली.

त्या योजनेचा शेवटचा हिशेब सरकारनेच पुढे मांडला. ५० लाख ६० हजार शेतकऱ्यांना मंजुरी मिळाली. त्यांपैकी ४४ लाख ४ हजार शेतकऱ्यांना १८,७६२ कोटी रुपयांचा लाभ मिळाला. उरलेले ६ लाख ५६ हजार शेतकरी सरकारच्याच नोंदीनुसार पात्र होते आणि तरी लाभाविना राहिले. मधल्या काळात सरकारे बदलली, वेगवेगळ्या पक्षांचे मुख्यमंत्री आले, तरी या शेतकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. म्हणून मी हा दोष एका पक्षाच्या किंवा एका अधिकाऱ्याच्या माथी मारत नाही. यंत्रणा बांधणारा आणि ती बरोबर आहे असे सांगणारा एकच असण्याची आपली पद्धत आहे आणि दोष त्या पद्धतीत आहे. कोणाचेही सरकार असो, ती पद्धत तशीच राहिली तर निकालही तसाच लागेल.

२०१९-२० च्या ‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजने’त या अनुभवातून दोन चांगल्या गोष्टी घेतल्या गेल्या. त्या इथे नोंदवतो, कारण सुधारणा करता येते याचा तो पुरावा आहे. पहिली, शेतकऱ्याकडून अर्ज मागवले नाहीत. बँकेच्या माहितीवरूनच यादी केली, त्यामुळे दोन वेगळ्या नोंदी जुळवण्याचे अर्धे संकट टळले. दुसरी, एकदम सगळी यादी न लावता २४ फेब्रुवारी २०२० रोजी ६८ गावांतल्या १५,३५८ शेतकऱ्यांची पहिली यादी लावली. त्यातून शिकून पुढच्या याद्या काढल्या. प्रत्येक नावासमोर विशिष्ट क्रमांक होता. शेतकरी तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रावर जाई, त्याला कर्जाची रक्कम दाखवली जाई. ती मान्य असेल तर अंगठा द्यायचा, मान्य नसेल तर तक्रार नोंदवायची आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायची. रक्कम बरोबर आहे का, असे आधी शेतकऱ्यालाच विचारायचे ही त्यातली मोलाची गोष्ट होती. तरीही एक उणीव राहिली. यादीत ज्याचे नाव होते त्यालाच विशिष्ट क्रमांक मिळाला. ज्याचे नाव यादीत आलेच नाही त्याला क्रमांकही नव्हता आणि म्हणून केंद्रावरच्या पडद्यावर तक्रारीची जागाही नव्हती. यादीतल्या चुका पकडण्याची सोय झाली, पण यादीबाहेर राहिलेल्या माणसाला शोधण्याची झाली नाही.

माणूस यादीबाहेर कसा पडतो, ते आमच्या जिल्ह्यावरून सांगतो. बुलढाण्याचे तेरा तालुके घाटावर आणि घाटाखाली असे विभागलेले. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, चिखली, बुलढाणा हे घाटावरचे. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. सोयाबीन आणि कपाशी ही इथली मुख्य पिके. पीककर्जाचा मूळ आधार म्हणजे गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्या आणि त्यांच्यावरची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँकांवर निर्बंध आणले. २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तीत या तिन्ही बँका होत्या. मधल्या काळात सोसायटीचे सभासद कर्जासाठी राष्ट्रीयीकृत आणि ग्रामीण बँकांकडे वळले. जुने कर्ज सोसायटीच्या वहीत, नवे दुसऱ्याच बँकेत, अशी खाती तयार झाली. पुढे १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून एकच बँक झाली. बँका एकत्र आल्या की शाखांचे संकेतांक आणि खात्यांच्या नोंदी एका संगणकप्रणालीतून दुसरीत न्याव्या लागतात. सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांचा, देशभरातल्या ६३ हजार सोसायट्यांचा प्रकल्प मंजूर केला. तो गरजेचाच आहे. पण वहीतली जुनी चूक तपासणीविना संगणकात गेली की तिलाच अधिकृत नोंद म्हणतात.

याच्या जोडीला नावांचा प्रश्न. सातबाऱ्यावर नाव मराठीत, आधारवर इंग्रजीतही, बँकेत नुसते इंग्रजीत. ज्ञानेश्वर हे नाव एका कागदावर ‘डी’ने सुरू होते आणि दुसऱ्यावर ‘जी’ने. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे आद्याक्षर. सासर-माहेरच्या नावांमुळे बायकांच्या खात्यांचे हाल वेगळेच. सामाईक खाते, न झालेली वारस नोंद, कर्जदार वारलेला आणि कर्ज मुलगा फेडतो आहे, अशी प्रकरणे प्रत्येक गावात आहेत. आयुष्यभर विळा-खुरपे धरलेल्या हाताचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांमध्ये मोबाइलची रेंज मिळणेच मुश्कील, तिथे ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. यांतली एकही गोष्ट अपवादात्मक नाही. मुंबईत बसून यंत्रणा आखणाऱ्याला अपवाद वाटतील अशी ही प्रकरणे आमच्याकडे रोजची आहेत. यंत्रणेची खरी परीक्षा याच प्रकरणांवर होते.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. पुढची कर्जमाफीही बहुधा त्या क्रमांकाला जोडली जाईल. म्हणजे सातबारा, आधार, बँक खाते आणि ओळख क्रमांक अशा चार नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतील. जितक्या नोंदी जुळवायच्या तितक्या नाव गळण्याच्या जागा वाढतात. हा साधा हिशेब आहे.

मुख्यमंत्री महोदय, शासन तपासणी करतच नाही असे माझे म्हणणे नाही. संकेतस्थळ सुरू करण्याआधी सुरक्षा लेखापरीक्षण होते. कंपनी आपल्या प्रणालीची चाचणी घेते, विभागाचे अधिकारी ती पाहून स्वीकृती देतात. योजना संपल्यावर कॅगचे लेखापरीक्षण होते. पण या प्रत्येक तपासणीची मर्यादा आहे. सुरक्षा लेखापरीक्षण चोर आत शिरेल का हे पाहते, पात्र शेतकरी बाहेर राहील का हे पाहत नाही. कंपनीला देयक काम पूर्ण झाल्यावर मिळते आणि विभागावर तारखेचा दबाव असतो. दोघांनाही यंत्रणा तयार आहे असेच म्हणायचे असते. त्यात कोणाची बेइमानी असावी लागत नाही. कॅग स्वतंत्र आहे, पण कॅग येतो तोपर्यंत पेरणीचे हंगाम उलटून गेलेले असतात.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीचे उदाहरण घ्या. कॅगचा अहवाल आला मार्च २०१३ मध्ये. तपासणी पथकांनी लाभ मिळालेली खाती पाहिलीच, पण लाभ न मिळालेली ९,३३४ खातीही पाहिली. त्यांपैकी १,२५७ खाती पात्र होती, तरीही त्यांचा विचारच झालेला नव्हता. म्हणजे लाभाविना राहिलेल्या दर सात-आठ खात्यांमागे एक खाते चुकीने वगळलेले. ही माहिती बाहेर आली, कारण बाहेरच्या माणसाने वगळलेल्यांची यादी उघडून पाहिली. योजना राबवणाऱ्यांनी ती पाच वर्षांत उघडली नव्हती.

आमच्या जिल्ह्यालाही अशा तपासणीचा अनुभव आहे. जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. कॅगने २०२० च्या अहवालासाठी सहा जिल्ह्यांतली १२० गावे निवडली, त्या जिल्ह्यांत बुलढाणा होता. कागदावर पाण्याने स्वयंपूर्ण म्हणून नोंदवलेल्या गावांत प्रत्यक्ष स्थिती वेगळी निघाली. त्या अहवालावरून बरेच राजकारण झाले, ते बाजूला ठेवू. कामाची नोंद काम करणाऱ्या यंत्रणेनेच करायची आणि यशही तिनेच जाहीर करायचे, मग खरे-खोटे कळायला वर्षे जातात, एवढा बोध त्यातून घ्यावा.

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी कृषी विभाग आम्हाला उगवणक्षमता तपासायला सांगतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे, सत्तरच्या खाली आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे. ही तपासणी पेरणीआधी करायची असते, कारण पेरल्यानंतर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर येतो. कर्जमाफीच्या यादीलाही हाच न्याय लावा. यादी लागून गेल्यावर सापडलेली चूक सरकारसाठी दुरुस्तीचे एक प्रकरण असते. शेतकऱ्याचा मात्र त्यात एक हंगाम जातो. नाव राहिले की खाते थकीत राहते, थकीत खात्यावर बँक खरिपाचे कर्ज देत नाही आणि मे-जूनमध्ये बियाणे-खतासाठी सावकाराचे दार गाठावे लागते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात संगणकाच्या चुकीला तांत्रिक अडचण म्हणून बाजूला सारता येत नाही.

संगणक चुकत नाही, माणूस चुकतो, असे आपल्या कार्यालयांत सर्रास मानले जाते. ही समजूत किती महागात पडते ते ब्रिटनने पाहिले आहे. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली आणली. प्रणालीतल्या दोषांमुळे गावोगावच्या उपटपालचालकांच्या हिशेबात पैसे कमी दिसू लागले. खात्याने प्रणाली खरी आणि माणसे चोर धरली. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या, कित्येकांची घरे-दारे गेली. २०१२ मध्ये खात्याने बाहेरचे तपासनीस नेमले होते. त्यांनी २०१३ च्या अंतरिम अहवालात प्रणालीत दोष असल्याचे नोंदवले. २०१५ मध्ये खात्याने त्यांचेच काम बंद केले. शेवटी न्यायालयीन लढ्यातून सत्य बाहेर आले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यावरून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्रयस्थ तपासनीस नेमणे पुरेसे नाही. त्याचा अहवाल गैरसोयीचा असला तरी त्याला दूर करता येणार नाही, अशी त्याची नेमणूक हवी. अमेरिकेच्या ‘नासा’ने आपल्या यानांच्या संगणकप्रणालींच्या स्वतंत्र पडताळणीसाठी १९९३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात वेगळे केंद्रच उभारले. प्रणाली लिहिणारे गट वेगळे, तपासणारे वेगळे. अवकाशयानाची जी काळजी घेतली जाते, ती लाखो कुटुंबांच्या कर्जखात्यांचीही घेतली पाहिजे.

ही कल्पना महाराष्ट्र शासनाला परकी नाही. रस्ते आणि इमारतींच्या कामांची त्रयस्थ तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून करून घेतली जाते. डांबराचा थर किती जाड आहे हे ठेकेदाराच्या सांगण्यावर सोडले जात नाही. मग यादीच्या बाबतीत कंपनीच्या शब्दावर का विसंबायचे?

नेमके काय करावे, ते आता मांडतो.

एक. पडताळणी करणाऱ्या संस्थेची नेमणूक सहकार विभागाने, शासनाच्या महाआयटी कंपनीने किंवा यंत्रणा बांधणाऱ्या कंपनीने करू नये. ती वित्त विभागाने करावी, तिचा मोबदला वेगळ्या तरतुदीतून द्यावा आणि तिचा अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीसमोर जावा. काम अर्धवट असताना तिला काढायचे झाले तर कारण विधिमंडळात सांगावे लागेल, अशी अट नेमणुकीच्या आदेशातच असावी. आयआयटी मुंबई, पुण्याचे सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय अशा संस्था राज्यात आहेत. गावपातळीवरच्या तपासणीसाठी शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे शिक्षक-विद्यार्थी घेता येतील. त्यांना संगणकही कळतो आणि सातबाराही.

दोन. पडताळणी यंत्रणा बांधण्याच्या पहिल्या दिवसापासून सुरू व्हावी. शासन निर्णयातली प्रत्येक अट प्रणालीत नेमकी कशी उतरवली आहे, हे तपासनीसांनी ओळीओळीने पाहावे. ठरवल्याप्रमाणे प्रणाली बांधली आहे का, हा एक प्रश्न. बांधलेली प्रणाली शेतकऱ्याच्या खऱ्या परिस्थितीत चालते का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आणि लेखी हवीत.

तीन. प्रत्येक तालुक्यातली तीन गावे आधी घ्यावीत आणि ती अवघड गावे निवडावीत. रेंज नसलेले एक, बुडीत सोसायटीचे एक, विलीन झालेल्या बँकेची शाखा असलेले एक. वारलेला कर्जदार, सामाईक खाते, नावातला फरक, न उमटणारा अंगठा, दोन बँकांतली खाती, अशी प्रकरणे मुद्दाम प्रणालीत घालून पाहावीत. प्रत्येक प्रकरणाचे योग्य उत्तर तपासनीसाने आधीच हाताने काढून ठेवावे आणि संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावे. शेवटच्या तारखेला सगळ्या राज्यातली केंद्रे एकाच वेळी पोर्टल उघडतील तेव्हा ते टिकेल का, याचीही चाचणी त्याआधी व्हावी.

चार. नाकारलेल्या प्रकरणांचा नमुना मंजूर प्रकरणांइतकाच मोठा घ्यावा. सरकारचे लक्ष अपात्राला पैसे जाऊ नयेत याकडे असते आणि ते बरोबरच आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असावेत असे २०२५ मध्ये सरकारनेच सांगितले. पैसे देऊन झाल्यावर ते कळले. पण चुकीने आत आलेला आणि चुकीने बाहेर राहिलेला, या दोन्ही चुका एकाच अहवालात शेजारी-शेजारी मोजल्या जाव्यात. फक्त पहिली मोजली की यंत्रणा आणखी कडक होते आणि दुसरी चूक वाढत जाते.

पाच. चावडीवाचनात मंजूर नावांबरोबर नामंजूर नावे आणि प्रत्येकाचे कारण वाचावे. मनरेगाच्या कायद्यातच सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली गेली होती, त्याच धर्तीवर ही तरतूद शासन निर्णयात घालावी. गावात कोणाचे किती कर्ज आहे आणि कोण खरा कसणारा आहे हे गाव जाणते. गावाइतका स्वस्त आणि जाणकार तपासनीस दुसरा मिळणार नाही. मात्र ‘माहिती जुळत नाही’ एवढेच कारण चालणार नाही. कोणती माहिती, कोणत्या नोंदीशी जुळत नाही आणि ती कोणी दुरुस्त करायची, हे त्या ओळीत लिहिलेले असावे.

सहा. दुरुस्तीला मुदत हवी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. यादीतली चूक दुरुस्त करणे ही त्या कायद्याखालची अधिसूचित सेवा करावी, म्हणजे मुदत उलटली की अपिलाचा हक्क आपोआप मिळेल. दुरुस्ती होईपर्यंत त्या शेतकऱ्याला नव्या पीककर्जासाठी थकबाकीदार धरू नये.

सात. कोणाच्या लॉगिनवरून काय बदलले याची न पुसता येणारी नोंद राहावी आणि तपासनीसाला ती पाहता यावी. आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावे घुसवल्याचे उघड झाले, कर्मचारी निलंबित झाले. अशा प्रकरणात पासवर्ड एकाचा आणि हात दुसऱ्याचा असतो. जबाबदारी ठरवायची तर नोंद आधीपासून हवी. तसेच योजना संपल्यावर सगळी माहिती आणि प्रणालीचा मूळ संकेत (सोर्स कोड) शासनाच्या ताब्यात राहील, हे करारातच लिहावे. पोर्टल बंद झाले म्हणून कोणाची पात्रता बंद होता कामा नये.

आठ. पडताळणीचा अहवाल माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार आपणहून प्रसिद्ध करावा, मराठीत, तालुकानिहाय. किती नावे तपासली, किती चुका सापडल्या, किती दुरुस्त झाल्या. त्यात शेतकऱ्याची खासगी माहिती नको, पण यंत्रणेच्या चुका लपवू नयेत.

यावर दोन आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला वेळेचा. पेरणी तोंडावर असताना तपासणीत आठवडे घालवायचे का? तपासणी बांधणीबरोबर चालली तर वेगळा वेळ लागत नाही. आणि घाईचा हिशेब २०१७ मध्ये होऊन चुकला आहे. चार महिन्यांत प्रमाणपत्रे दिली गेली, पण ६ लाख ५६ हजार जणांचे काम पुढची कित्येक वर्षे अडले. २०२० मध्ये आधी ६८ गावे घेतली म्हणून कर्जमुक्ती रखडली नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. हजारो कोटी रुपये वाटणाऱ्या यंत्रणेच्या तपासणीचा खर्च त्या रकमेपुढे किरकोळ असेल. तपासणी न केल्याचा खर्चही होतोच. तो सरकारी हिशेबात दिसत नाही, कारण तो शेतकरी भरतो. तालुक्याला घातलेल्या हेलपाट्यांत, बुडालेल्या मजुरीत, केंद्रावर प्रत्येक वेळी मोजलेल्या पैशांत आणि सावकाराच्या व्याजात.

आधी अधिकाऱ्यांना जबाबदार धरा, तपासनीस कशाला, असेही कोणी म्हणेल. अधिकारी बदलून यंत्रणा सुधारत नाही, हे २०१७ मध्ये दिसले. खरे तर स्वतंत्र पडताळणी अधिकाऱ्यालाच आधार देते. यंत्रणा तयार नाही हे सांगणे आज एखाद्या उपसचिवाला किंवा जिल्हा उपनिबंधकाला जड जाते, कारण वर तारीख ठरलेली असते. ते सांगण्याचे काम ज्याच्यावर कायद्याने सोपवले आहे असा माणूस असेल, तर अधिकारीही मोकळेपणाने अडचणी मांडतील.

महोदय, आपण तंत्रज्ञानाचा आग्रह धरणारे मुख्यमंत्री आहात. तो आग्रह आम्हालाही हवा आहे. सातबारा ऑनलाइन मिळू लागला तेव्हा तालुक्याच्या फेऱ्या वाचल्या, अनुदान थेट खात्यात आले तेव्हा मधले हात गेले. संगणकाला आमचा विरोध नाही. संगणकाने दिलेले उत्तर कोणीतरी बाहेरून तपासले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. तंत्रज्ञानावर ज्याचा खरा विश्वास आहे, त्याला तपासणीची भीती नसावी.

परदेशी समितीच्या अहवालात पात्रतेचे निकष येतील. स्वतंत्र पडताळणीचे एक प्रकरण त्यात जोडायला समितीला सांगा आणि त्याची अंमलबजावणी शासन निर्णयात बंधनकारक करा. पडताळणीचा अहवाल प्रसिद्ध झाल्याशिवाय बुलढाणा जिल्ह्याची, किंबहुना कोणत्याही जिल्ह्याची यादी लावू नका. आणि पुढची यादी काढण्याआधी २०१७ पासून थांबलेल्या ६ लाख ५६ हजार पात्र शेतकऱ्यांचा हिशेब पूर्ण करा. ते सरकारचे देणे आहे.

कळावे,
आपला,
मेहकर तालुक्यातील एक शेतकरी